कुत्र्याच्या नाकाच्या त्वचेचे विकार: पाहणी, कारणे आणि काळजी

नाक ओले असेल तर कुत्रा ठणठणीत आणि कोरडे असेल तर आजारी, ही समजूत इतकी रुजलेली आहे की नाकाच्या त्वचेकडे नीट पाहायचे राहूनच जाते. झोपेतून नुकत्याच उठलेल्या निरोगी कुत्र्याचे नाक बहुधा कोरडेच असते आणि थोड्या वेळाने ते आपोआप ओले होते. उलट एखाद्या गंभीर विकाराची सुरुवात झालेले नाक ओलसरही असू शकते. ओलाव्यापेक्षा अधिक भरवशाच्या गोष्टी तीन आहेत: पृष्ठभागाची ठेवण, रंग, आणि बदल नेमका जिथून सुरू झाला ती जागा. या तिन्ही पाहून झाल्याशिवाय नाकाला कोणतेही मलम लावू नये, असा माझा आग्रह आहे, कारण चुकीचे मलम रोग बरा करत नाहीच, वर त्याची ओळख पटवणारी लक्षणे पुसून टाकते.

निरोगी नाक कसे असते

नाकाच्या टोकाचा बिनकेसांचा भाग अंगावरच्या इतर त्वचेपेक्षा वेगळा असतो. तिथे केस नसतात, तेलग्रंथीही नसतात, आणि वरचा थर बराच जाड असतो. त्यावर लहान लहान बहुकोनी उंचवट्यांची दगडी फरसबंदीसारखी नक्षी असते, आणि ती प्रत्येक कुत्र्यात इतकी वेगळी असते की माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे तिच्यावरून कुत्रा ओळखता येतो. नाकाचा ओलावा या त्वचेतून पाझरत नाही. तो नाकपोकळीतील ग्रंथींच्या स्रावातून, अश्रुनलिकेतून नाकात उतरणाऱ्या अश्रूंतून आणि कुत्रा वारंवार नाक चाटतो त्या लाळेतून येतो. म्हणूनच नाक सतत कोरडे पडत असेल, तर कारण कधी त्वचेत असते आणि कधी ओलावा पुरवणाऱ्या या व्यवस्थेत.

कुत्रा पूर्ण निरोगी असतानाच त्याच्या नाकाची दोन-तीन स्पष्ट छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून ठेवावीत. पुढे बदल दिसल्यावर ‘हे पूर्वीपासून असेच होते का’ हा प्रश्न हमखास पडतो, आणि त्याचे उत्तर आठवणीतून क्वचितच मिळते.

पहिली पायरी: हात न लावता पाहणी

कुत्रा शांत असताना त्याला खिडकीजवळ किंवा बाहेरच्या उजेडात बसवावे आणि नाक समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून पाहावे. प्रथम नक्षीकडे लक्ष द्यावे. ती शाबूत आहे, दाट आणि खरखरीत झाली आहे, की पुसली जाऊन नाक गुळगुळीत दिसू लागले आहे? माझ्या मते संपूर्ण पाहणीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. नक्षी शाबूत राहून केवळ रंग फिका झाला असेल तर बहुधा घाईचे कारण नसते. नक्षीच नाहीशी होत असेल तर त्वचेच्या आत दाह चालू आहे असे समजावे.

त्यानंतर जागा पाहावी. विकार बिनकेसांच्या टोकावर आहे, टोक आणि केसाळ भाग यांच्या सीमेवर आहे, की डोळ्यांकडे जाणाऱ्या नाकाच्या केसाळ दांड्यावर आहे? जंतुसंसर्ग, बुरशी, कीटकदंश आणि त्वचेतील सूक्ष्म किडे यांचे विकार बहुतेक वेळा केसाळ दांड्यावर सुरू होतात, कारण ते केसांच्या मुळांशी संबंधित असतात. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने त्वचेवर केलेल्या हल्ल्यातून होणारे विकार पुष्कळदा टोकावर किंवा सीमेवर दिसतात. हा नियम पोलादी नाही, पण सुरुवातीची दिशा ठरवायला उपयोगी पडतो.

बदल दोन्ही बाजूंना आहे की एकाच, हेही पाहावे. नाकाचा एकच अर्धा भाग कोरडा, खडबडीत आणि खपल्यांनी झाकलेला असेल, तर त्याच बाजूच्या डोळ्यात चिकट घाण साचते का, डोळा निस्तेज दिसतो का, आणि त्या बाजूच्या कानाला पूर्वी संसर्ग झाला होता का, हे तपासावे. मध्यकर्णातून जाणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूला इजा झाली की अश्रू आणि नाकातील ग्रंथींचा स्राव एकाच वेळी कमी होतो. अशा कुत्र्याच्या नाकाला कितीही पेट्रोलियम जेली लावली तरी मूळ प्रश्न कानात आणि डोळ्यात राहतो, आणि डोळ्याची हानी मात्र वाढत जाते.

शेवटी नाकाबाहेर नजर टाकावी: ओठांच्या कडा, पापण्या, कानांची पाळी, पंजांच्या गाद्या, नखांची मुळे आणि गुदद्वाराभोवतालची त्वचा. नाकासोबत पंजांच्या गाद्याही बिघडल्या असतील तर संभाव्य कारणांची यादी लगेच बदलते. जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे.

दुसरी पायरी: दिसलेल्या बदलावरून कारणाचा अंदाज

*केवळ रंग फिका होणे.* लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, सायबेरियन हस्की अशा काही जातींत थंडीच्या दिवसांत नाकाच्या मधोमध गुलाबी किंवा तपकिरी पट्टा येतो आणि ऋतू बदलल्यावर तो पुन्हा गडद होतो. काही कुत्र्यांचे नाक वयानुसार कायमचे फिके होते. कोड हा विकार रॉटवायलरसारख्या जातींत तरुण वयात दिसतो आणि त्यात नाकाबरोबर ओठ व चेहऱ्यावरचे केसही पांढरे होतात. या सर्व स्थितींत नक्षी शाबूत असते, खपली नसते, वेदना नसते, आणि उपचारांची गरज नसते. फिक्या नाकाला उन्हापासून जपावे एवढेच. मात्र अकिटा, हस्की, सामोयेड या जातींच्या कुत्र्याचे नाक आणि ओठ फिके होत असतानाच डोळे लाल झाले, तो उजेड टाळू लागला किंवा वस्तूंना धडकू लागला, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवर प्रतिकारशक्तीचा हल्ला होण्याचा एक विकार या जातींत आढळतो. त्यात डोळ्यांच्या आत तीव्र दाह होतो आणि उपचार लांबले तर कायमचे अंधत्व येते.

*नाक जाड, कठीण आणि भेगाळलेले होणे.* वरच्या थरातील केराटिन हे कठीण प्रथिन प्रमाणाबाहेर साचले की नाकावर राखाडी-तपकिरी, कोरडे, काटेरी थर वाढतात. हे बहुतेक वेळा उतारवयात होते, आणि बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पग, बॉक्सर, कॉकर स्पॅनिएल, बॅसेट हाउंड या जातींत अधिक दिसते. चपट्या तोंडाच्या जातींत जिभेला नाकाचा वरचा भाग नीट चाटता येत नाही, हेही त्यामागचे एक कारण मानले जाते. लॅब्रॅडॉर आणि त्याच्या संकरित पिल्लांत मात्र असाच थर ६ महिने ते १ वर्ष या वयातच येऊ लागतो. हा आनुवंशिक दोष आहे. दोषयुक्त जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तरच तो प्रकट होतो, आणि जनुकचाचणीने तो ओळखता येतो. तो कायमचा असला तरी कुत्र्याच्या एकूण आरोग्याला धोका देत नाही. अशा कुत्र्याची पैदास करू नये.

जाड नाकाची दोन कारणे चुकवून चालणार नाहीत. पहिले कारण डिस्टेंपर. लसीकरण अपुरे असलेल्या कुत्र्याला ताप, डोळ्या-नाकातून घट्ट स्राव, खोकला, जुलाब किंवा झटके यांच्याबरोबर नाक आणि पंजांच्या गाद्या कठीण झाल्या, तर या विषाणुजन्य रोगाची शंका घ्यावी आणि त्याला इतर कुत्र्यांपासून तत्काळ वेगळे ठेवावे. दुसरे कारण जस्ताची कमतरता. हस्की आणि मालाम्यूट जातींतील काही कुत्र्यांच्या आतड्यांत जस्त नीट शोषले जात नाही, तर वाढत्या वयाच्या कोणत्याही पिल्लाला केवळ धान्यावर ठेवले किंवा कॅल्शियमची पूरके सढळ हाताने दिली तर जस्ताचे शोषण रोखले जाते. यात डोळे, तोंड आणि नाक यांच्याभोवती घट्ट खपल्या धरतात. जस्ताची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी, कारण जास्त झालेले जस्त विषारी असते.

*नक्षी पुसली जाणे, व्रण पडणे, खपली धरणे.* इथे सर्वाधिक सावध राहावे. ल्युपस हा प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच शरीरावर केलेल्या हल्ल्याचा विकार आहे. त्याच्या चेहऱ्यापुरत्या मर्यादित राहणाऱ्या प्रकाराची सुरुवात फार सौम्य असते: नाकपुड्यांच्या कडांशी किंवा केसाळ भागाच्या सीमेवर काळा रंग निळसर-राखाडी होतो, मग गुलाबी होतो, नक्षी सपाट होत जाते, आणि पुढे खपल्या व व्रण पडून किरकोळ आघातानेही रक्त येते. जर्मन शेफर्ड, कोली आणि शेटलंड शीपडॉग या जातींत तो अधिक आढळतो व उन्हाने बळावतो. जर्मन शेफर्डमध्ये ओठ आणि नाकाच्या कडांना होणारा जिवाणूंचा एक संसर्ग दिसायला जवळजवळ असाच असतो, पण तो प्रतिजैविकांनी बरा होतो. नुसत्या नजरेने या दोहोंतला फरक सांगणे अनुभवी पशुवैद्यालाही कठीण जाते. मग घरी बसून छायाचित्रे ताडून निदान करणे किती बेभरवशाचे, ते उघड आहे.

पेम्फिगस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या विकारात प्रथम पुवाचे फोड येतात, पण ते लवकर फुटत असल्याने आपल्या नजरेस पडतात त्या पिवळसर खपल्या: नाकाच्या दांड्यावर, कानांच्या आतल्या बाजूस आणि पंजांच्या गाद्यांवर. अकिटा आणि चाऊ चाऊ या जातींत त्याचे प्रमाण अधिक आहे. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणारा लेशमॅनियासिस हा परजीवीजन्य रोग ज्या प्रदेशांत आढळतो, तिथे राहून आलेल्या कुत्र्याच्या नाकावर व्रण असतील तर तो प्रवास पशुवैद्याला आवर्जून सांगावा. सेंट बर्नार्ड आणि जायंट श्नाउझर या जातींत दोन नाकपुड्यांमधल्या उभ्या खाचेत खोल, रेखीव व्रण पडतो. तिथली लहान धमनीच दाहग्रस्त असल्याने मधूनच भळाभळा रक्त येते. वयस्क कुत्र्यात, विशेषतः फिक्या नाकाच्या, भरून न येणारा व्रण किंवा वाढत जाणारी गाठ दिसली तर कर्करोगाची शक्यता तपासणे आवश्यक ठरते.

*केसाळ दांड्यावरचे विकार.* काही तासांतच नाकाचा दांडा सुजून त्यावर दुखरे, रक्ताळ फोड आले, तर बहुधा कीटकाच्या दंशावर उसळलेली तीव्र प्रतिक्रिया असते. ती भीषण दिसते, पण योग्य उपचारांना लवकर दाद देते. माती उकरण्याची सवय असलेल्या कुत्र्याला मातीतल्या बुरशीमुळे नाकावर नायटा होऊ शकतो. तो माणसांनाही होतो, म्हणून निदान होईपर्यंत हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांना कुत्र्याच्या तोंडाशी तोंड नेऊ देऊ नये. पिंजऱ्याच्या गजांवर नाक घासल्याने पडलेले ओरखडे याच भागात असतात. ते घासणे थांबल्यावर भरून येतात. प्लॅस्टिकच्या भांड्यामुळे नाक बिघडते असे वारंवार सांगितले जाते. असे घडते, पण क्वचित. भांडे बदलून स्टीलचे घ्यावे, कारण त्याने काही बिघडत नाही. मात्र तेवढ्यावर विसंबून तपासणी लांबवू नये.

तिसरी पायरी: घरी काय करावे

घरगुती काळजी ही केवळ एकाच प्रकारासाठी आहे: कुत्रा सर्व दृष्टींनी निरोगी आहे, नाक फक्त कोरडे किंवा जाड झाले आहे, नक्षी पुसलेली नाही, रक्त, पू किंवा व्रण नाही. अशा वेळी आधी थर मऊ करावा आणि मग ओलावा आत कोंडावा. मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून हलके पिळावे आणि ५ ते १० मिनिटे नाकाच्या टोकावर धरावे, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवाव्यात. सुरुवातीला बहुतेक कुत्रे डोके झटकतात. त्यांना दाबून धरण्याऐवजी पहिले काही दिवस अर्धे मिनिटच कापड ठेवावे, लगेच आवडीचा खाऊ द्यावा आणि वेळ हळूहळू वाढवावी. हा उपाय आठवडेच्या आठवडे चालवायचा असतो, आणि कुत्र्याची संमती नसेल तर तो तिसऱ्या दिवशीच बंद पडतो.

कापड काढल्यावर नाक टिपून घ्यावे आणि सुगंध नसलेल्या साध्या पेट्रोलियम जेलीचा किंवा कुत्र्यांसाठी बनवलेल्या नाकाच्या मलमाचा पातळ थर बोटाने लावावा. थर जाड नको, आणि नाकपुडीच्या आत तर मुळीच नको, कारण तेलकट पदार्थ श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्यास तिथे दाह होऊ शकतो. मलम लावल्याबरोबर कुत्रा ते चाटतोच. म्हणून जेवण देण्याच्या किंवा फिरायला नेण्याच्या अगदी आधी ते लावावे. लक्ष दुसरीकडे गेल्याने मलमाला १० ते १५ मिनिटे मिळतात. सुरुवातीला दिवसातून १-२ वेळा आणि नाक मऊ झाल्यावर आठवड्यातून २-३ वेळा एवढे पुरते. जाड थर नखाने, ब्लेडने किंवा कात्रीने काढू नयेत. खालची जिवंत त्वचा फाटून भेग पडली की वेदना आणि संसर्ग दोन्ही मागे लागतात. फार वाढलेले थर पशुवैद्य सुरक्षितपणे कमी करतो आणि गरज पडल्यास थर विरघळवणारी औषधे देतो.

पग, बुलडॉग अशा जातींत नाकाच्या वरच्या घडीतली त्वचा हा स्वतंत्र विषय आहे, आणि तिथे उपाय नेमका उलटा आहे. त्या घडीत ओलावा साचून जिवाणू आणि यीस्ट वाढतात, म्हणून तिथे तेलकट मलम भरू नये. घडी हलकेच उघडून ओल्या कापडाने किंवा पशुवैद्याने सुचवलेल्या, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात भिजवलेल्या वाइप्सनी स्वच्छ करावी आणि नंतर पूर्ण कोरडी करावी. हा द्राव डोळ्यात जाऊ देऊ नये.

ल्युपस, फिके नाक किंवा उन्हाने भाजलेले नाक असेल तर सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत कुत्र्याला सावलीत किंवा घरात ठेवणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. खिडकीच्या उन्हात पहुडण्याची सवयही लक्षात घ्यावी. सनस्क्रीन लावायचे तर कुत्र्यांसाठीचेच घ्यावे, कारण माणसांच्या पुष्कळ सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट असते आणि ते चाटून पोटात जाते.

काय लावू नये

नाकावर लावलेली प्रत्येक गोष्ट कुत्रा अखेर खातो, हे गृहीत धरूनच निवड करावी. टी ट्री तेल आणि इतर तीव्र सुगंधी तेले, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, फिनॉलयुक्त जंतुनाशके आणि वेदनाशामक जेल नाकापासून दूर ठेवावीत. माणसांच्या सोरायसिससाठी वापरले जाणारे कॅल्सिपोट्रायॉल आणि त्वचेच्या कर्करोगपूर्व डागांसाठीचे फ्लुरोयुरॅसिल ही मलमे तर अल्प प्रमाणात पोटात गेली तरी कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. घरात कोणी ती वापरत असेल तर ट्यूब कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी आणि मलम लावलेली त्वचाही त्याला चाटू देऊ नये. घरातले स्टेरॉइडचे मलम ‘थोडेसे लावून पाहू’ म्हणून वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. स्टेरॉइडने लाली उतरते, पण बुरशी वाढते, त्वचा पातळ होते आणि बायोप्सीचा, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, निष्कर्ष दिशाभूल करणारा येऊ शकतो.

चौथी पायरी: पशुवैद्याकडे कधी जावे आणि तिथे काय होते

चेहरा झपाट्याने सुजणे, श्वासाला त्रास, दाबूनही न थांबणारे रक्त, डोळ्यांत अचानक बदल, किंवा तापासह सुस्ती, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने हलका, सलग दाब द्यावा, कुत्र्याला शांत ठेवावे आणि माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये. नक्षी पुसली जाणे, व्रण, खपल्या, नाकाच्या आकारात बदल किंवा एकाच नाकपुडीतून सतत येणारा स्राव दिसल्यास काही दिवसांत तपासणी करून घ्यावी. एका बाजूचा स्राव आत अडकलेली वस्तू, दाताच्या मुळाचा संसर्ग, बुरशी किंवा गाठ यांमुळे असू शकतो, आणि त्या स्रावाने नाकपुडीची कडही झडते. घरगुती काळजी २-३ आठवडे नियमित घेऊनही फरक पडला नाही, तर कोरडेपणाचे कारण दुसरे आहे असे मानावे.

भेटीला जाताना छायाचित्रे, तारखांची नोंद, आहार, लसीकरण, प्रवास आणि आजवर लावलेल्या प्रत्येक मलमाचे नाव सोबत न्यावे. भेटीच्या दिवशी नाक धुऊ नये आणि खपल्या काढू नयेत, कारण खपलीखालच्या पेशींतच बहुतेक वेळा निदान सापडते. पशुवैद्य प्रथम काच टेकवून पेशींचा नमुना घेतो, त्वचा खरवडून सूक्ष्म किडे शोधतो, बुरशीची चाचणी लावतो, आणि गरजेनुसार रक्त तपासतो. जिवाणूंचा संसर्ग आढळल्यास आधी तो बरा केला जातो. बऱ्याचदा ३-४ आठवड्यांच्या या उपचारानंतरच संसर्गामागे दुसरा मूळ विकार आहे की नाही हे कळते.

त्यानंतरही व्रण उरले तर बायोप्सी सुचवली जाते. नाकाचा तुकडा काढायचा या कल्पनेनेच पालक मागे सरतात, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु नमुना काही मिलिमीटरचाच असतो, कुत्र्याला भूल दिलेली असते आणि जखम सहसा चांगली भरते. नमुना नुकत्याच रंग बदलू लागलेल्या भागातून घेतलेला बरा, कारण पूर्ण पांढऱ्या पडलेल्या किंवा व्रण झालेल्या जागेत रोगाच्या खुणा संपलेल्या असतात. म्हणूनच बायोप्सी लांबवत राहण्यात तोटा आहे: नाक जितके अधिक झडते, तितका नमुना कमी बोलका होतो.

पाचवी पायरी: दीर्घ उपचार निभावणे

ल्युपससारख्या विकारावर टॅक्रोलिमसचे किंवा पशुवैद्याने निवडलेले स्टेरॉइडचे मलम, डॉक्सिसायक्लिन आणि नियासिनामाइड यांची जोडी, किंवा सायक्लोस्पोरिन अशी औषधे वापरली जातात. पेम्फिगसमध्ये बहुधा प्रतिकारशक्ती दडपणारी अधिक तीव्र औषधे पोटातून द्यावी लागतात. मलम लावताना हातमोजे घालावेत. परिणाम दिसायला काही आठवडे ते २-३ महिने लागतात, आणि प्रथम व्रण भरतात, रंग मागाहून परततो. काही कुत्र्यांत गेलेला रंग कधीच परत येत नाही. त्वचा अखंड आणि वेदनारहित असेल तर तो उपचारांचा पराभव समजू नये.

पोटातून दिले जाणारे स्टेरॉइड एकदम बंद करू नये. मात्रा पशुवैद्याच्या सांगण्यानुसार टप्प्याटप्प्याने कमी करावी. या काळात पाणी पिणे, लघवी आणि भूक खूप वाढली, उलट्या किंवा जुलाब झाले, शौच काळी पडली किंवा कुत्रा निरुत्साही दिसला, तर पुढच्या ठरलेल्या भेटीपर्यंत न थांबता कळवावे. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उजेडात, त्याच कोनातून एक छायाचित्र घ्यावे. मात्रा कमी करताना नाकपुडीच्या कडेवर पुन्हा राखाडी छटा आली, तर ती खपली धरण्यापूर्वीच या छायाचित्रांत दिसते, आणि तेवढ्या लवकर कळले तर बहुधा औषधाच्या छोट्याशा वाढीने विकार पुन्हा आटोक्यात आणता येतो.